धुणं कोण करणार?

गंगुआक्काने शुक्रवारी विषय काढला आणि उत्तर द्यायला धाकट्या भावाला, कुशाबाला, नवमीपर्यंतची मुदत दिली. नवमी मंगळवारी होती. अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा दिवस. कुशाबाच्या बायकोची, सुंदराबाईची, ही पहिलीच.

"त्या दिवशी तिचा पान वाढूया," आक्का म्हणाली. "सवाष्णीक लुगडा देवूया. आणि तिका सांगूया, बाई गे, तुझो संसार आता दुसरी बघतली. ती काय नाय म्हणाची नाय. मगे दसऱ्यानंतर दुर्गेशी पाट लाव."

"माका नको," कुशाबा म्हणाला.

"तुका नको, पण घराक नको? रांधतला कोण?"

"सून रांधता. गावचे चार जण जेवक होते, त्यांका आषाढातच दुसऱ्या खानावळीत लावन दिलंय."

"आजारी पडलंस तर?"

"पडाचंय नाय."

"आणि धुणा? धुणा कोण करतला?"

  तेवढ्यात सून मृणालिनी भाकरी वाढायला आली. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि चिरांत धुण्याचा सोडा पांढरा बसला होता. सुंदराबाईचे हात असेच होते. पंचवीस वर्षं ते हात त्याने पाहिले होते आणि ते तसेच असतात असं तो समजत होता.

आक्का परळला जायला निघाली. कुशाबा बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. आक्काचा राग त्याला आला नव्हता. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, विधवा, आणि जे मनात येईल ते बोलणारी. तिने तीन प्रश्न विचारले होते. दोन सुटले होते. एक राहिला होता. तोही सुटला, तर घरात दुसरी बाई आणायचं कारण उरत नव्हतं. त्याने इतकाच सरळ हिशेब केला.

शनिवारी गिरणीत त्याच्या शेजारच्या मागावरच्या, गिरणीच्या भाषेत साच्यावरच्या, विणकराने त्याला सांगितलं की रे रोडला ताहेरभाई नावाच्या बोहऱ्याच्या गोदामात साहेब लोकांचं सामान स्वस्तात निघालंय. पंखे, इस्त्र्या, रेडिओ. कपडे धुवायचं यंत्रसुद्धा आहे.

"यंत्र कपडे धुतं?" कुशाबाने विचारलं.

"आपण विणतो ते यंत्रावरच ना? मग धुवायला काय झालं?"

हे कुशाबाला पटलं.

* * *

रविवारी सकाळी सगळे निघाले. लालबागहून घोडपदेवमार्गे चालतच. पुढे कुशाबा, काखेत कापडी पिशवी. त्याच्या मागे मुलगा रामदास, त्याच्या मागे मृणालिनी, कडेवर आठ महिन्यांची पोरगी. आणि सगळ्यांच्या मागे गंगुआक्का, जिला कोणी बोलावलं नव्हतं.

"पितृपक्षात खरेदी!" ती चालता चालता म्हणत होती. "पंधरवड्यात कोण टाचणी घेवचो नाय. आणि हो यंत्र घेता!"

"आक्का, पितृपक्षात नवी वस्तू घेऊ नये," कुशाबा मागे न बघता म्हणाला. "ही जुनी आसा."

"जुनी?"

"जुनी. पोचे पडलेली."

आक्काला यावर काही सुचलं नाही. शास्त्रात पोचे पडलेल्या वस्तूंबद्दल काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

घोडपदेवच्या नाक्यावर दुर्गा उभी होती. छत्तीस वर्षांची, सावळी, सरळ अंगाची. आक्काच्या दिराची मुलगी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. भायखळ्याच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामावर ती होती आणि घोडपदेवला भावाच्या खोलीत राहत होती.

"अगो बाई, दुर्गे! तू हय खंय?" आक्काने तोंडावर हात ठेवला.

"तूच तर काल निरोप धाडलास काकी," दुर्गा म्हणाली. "पंखा बघायला चल म्हणून."

रामदासने हसू दाबलं. कुशाबा पिशवीचा बंद सारखा करू लागला.

"कसे आहात कुशाबाभाऊ?" दुर्गेने विचारलं.

"भाऊ कशाक म्हणतंस गे?" आक्का पुटपुटली आणि पुढे झाली.

गोदामाच्या भिंतीवर गेरूने लिहिलं होतं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. अक्षरं रामदासच्या ओळखीची होती, कारण त्यातली निम्मी त्याने काढली होती. त्याखाली ताहेरभाईने पाटी टांगली होती. 'पितृपक्षानिमित्त सर्व मालावर सूट.'

"याला आपलं सगळं माहीत दिसतंय," मृणालिनी म्हणाली.

"पंधरा दिवस गिऱ्हाईक फिरकत नाही, मग काय करेल बिचारा," रामदास म्हणाला.

* * *

गंगुआक्काला आत शिरायचं नव्हतं, पण शिरल्यावर तिला बाहेर यावंसं वाटेना. इतकं सामान एका ठिकाणी तिने कधी पाहिलं नव्हतं. एका बाजूला पंख्यांची पाती एकावर एक रचलेली. काही वाकडी. एका फळीवर इस्त्र्या, एकीलाही दोरी नाही. खोकं नसलेले रेडिओ, त्यांची आतडी दिसत होती. ज्या गोऱ्या साहेबांची घरं उठली होती, त्यांचं सगळं इथे आलं होतं. लढाईतलं लष्कराचं सामानही एका कोपऱ्यात पडलं होतं.

"आवो, आवो मावशी," ताहेरभाई म्हणाला. पांढरी दाढी, सोनेरी किनारीची टोपी. "बघायला पैसा नाय लागते."

"ह्या काय?" आक्काने एक चकचकीत डबी उचलली. वर दोन फटी होत्या.

"यात पाव टाकायचा. भाजून वर येते."

"पाव भाजलेलोच असता मां!"

"साहेब लोक परत भाजते."

"म्हणानच गेले," आक्का म्हणाली आणि डबी खाली ठेवली.

मग तिने एक पांढरं उंच कपाट उघडलं. दार एका बाजूला चेपलं होतं. आत जाळ्या.

"हे फ्रिज. आतमधे थंडा. मच्छी ठेवली तर चार दिवस ताजी."

"चार दिसाची मासळी? वरळीच्या कोळणी मेल्यो काय?" पण तिने हात आत घातला. वीज जोडलेली नव्हती, तरी तिला उगाच गार लागलं. तिने दार हळू लावलं.

असं ती आणि सुंदराबाई मिळून आल्या असत्या तर काय झालं असतं, हे तिच्या मनात आलं. सुंदरा त्या इस्त्र्या एकेक उचलून बघत बसली असती. ताहेरभाईशी तासभर भांडून शेवटी काहीच न घेता निघाली असती आणि वाटेत म्हणाली असती, "वन्सं, चहा पिऊया?" पंचवीस वर्षं त्या दोघी भांडल्या. भाताच्या पाण्यावरून, पोरांच्या नावांवरून, कोण कोणाकडे आधी आलं यावरून. आता आक्का दर रविवारी लालबागला यायची आणि भांडायला कोणी नसायचं. घरात भाऊ होता, पण भावाचं घर बायकोमुळे माहेर होतं. भाऊ नुसता बसून असायचा. बाई नसलेल्या घराच्या जिन्यावर पाय ठेवताना तिला परक्या जागी आल्यासारखं व्हायचं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ती धुण्याचं नाव पुढे करत होती.

"शेट," कुशाबा म्हणाला, "ते कपड्यांचं यंत्र कुठे?"

* * *

यंत्र मागच्या बाजूला होतं. तीन पायांवर उभं एक मोठं पांढरं पिंप, पोटावर पोचा. वर एका बाजूला दोन रबरी रूळ, एकमेकांना चिकटलेले.

मृणालिनीने ते पाहिलं. किती मोठं होतं! तिला एकदम कळलं की हे होणार नाही. खोली दहा बाय बाराची. त्यात हे कुठे राहणार? पण बोलायचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटत नव्हतं.

शुक्रवारी आक्का जाताना जिन्यात तिच्याशी बोलली होती. "सूनबाई, तुका काय वाटता?" आणि मृणालिनी म्हणाली होती, "मामंजींनी पाट लावला तर बरंच होईल आत्याबाई." तिने ते मनापासून म्हटलं होतं. गिरगावात, तिच्या माहेरी, ती मॅट्रिक झाली होती. लग्नानंतरही म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होती, आणि सासूबाईंनी तिला कधी अडवलं नव्हतं. "तू जा. मी आहे," इतकंच त्या म्हणायच्या. गेल्या मार्गशीर्षात त्या न्युमोनियाने सहा दिवसांत गेल्या. पोरगी तेव्हा पोटात होती. मृणालिनीने शाळा सोडली. आता दिवाळीनंतर जागा आहे असं मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलं होतं. ते तिने चहाच्या डब्याखाली ठेवलं होतं आणि कोणालाच दाखवलं नव्हतं. घरात दुसरी सासू आली तर ती परत म्हणेल का, तू जा, मी आहे? जिन्यात तिने एवढाच विचार केला होता. नंतर तिला लाज वाटली होती.

"बाबा," रामदास म्हणाला. तो गिरणीत वायरमन होता. त्याने यंत्राच्या मागे वाकून बघितलं. "हे लावायचं कुठे?"

"खोलीत."

"खोलीत एक दिवा आहे. मालकाने दिलेला. हे त्याला जोडलं तर आधी आपला दिवा जाईल. मग मजल्याचा जाईल. मग मालक येईल."

"येऊ दे. त्याचे पण कपडे धुऊ," कुशाबा म्हणाला.

सगळे हसले, ताहेरभाईसुद्धा. पण कुशाबा हसत नव्हता. "शेट, चालवून दाखव."

"पाणी भरू? साबण पण आहे. कपडा?"

कुशाबाने पिशवीत हात घातला आणि लुगडं बाहेर काढलं. गडद हिरवं, जाड, नऊ वारी.

"कुशा!" गंगुआक्का ओरडली. "ह्या लुगडा हय आणलंस?"

"घरात यापेक्षा भारी कापड नाही. यंत्र बघायचं तर भारी कापडावर बघावं. हलक्यावर सगळीच चालतात."

आक्का का ओरडली ते मृणालिनीला कळलं नाही. "काय आहे आत्याबाई?"

आक्काने डोळ्यांना पदर लावला. मग बोलली. "हो रामदास झालो त्या दिवशी कुशा साच्यावर उभो होतो. सकाळपासून निरोपाची वाट. ध्यान खंय? आडव्या बाण्याचे जाड धागे एका जागी बसले, लुगड्याक पट्टो पडलो. मुकादमान, त्या जॉबरान, ह्याच्या पगारातसून दंड कापलो. माल डागी म्हणान गिरणीच्या दुकानात गेलो. आणि बाळंतपणातसून उठल्यावर सुंदरा थय गेली. डागी मालाच्या ढिगात तासभर शोधल्यान आणि ह्याच लुगडा काढल्यान. म्हणाली, ह्यांका दंड झालो तो मी अंगार घालतलंय."

"ती नेहमी डागीच घ्यायची," कुशाबा म्हणाला. "म्हणायची, खोट दिसते ते घ्यावं. निदान लपलेली तर नसते."

 मृणालिनीला ते लुगडं आठवलं. दर गणपतीत सासूबाई तेच नेसायच्या. नवीन का नाही, असं तिने एकदा विचारलंही होतं. "याला वजन आहे," असं त्या म्हणाल्या होत्या.

ताहेरभाईने पाणी भरलं, साबण टाकला, बटण दाबलं. पिंप थरथरलं. आत लुगडं गोल फिरू लागलं, फेस वर आला. पोरगी कडेवरून हात पुढे करून किंचाळली. दुर्गा पिंपाला टेकून बघत होती. आक्काही दोन पावलं पुढे आली.

"धुतं खरं," दुर्गा म्हणाली.

"आता पिळणार," ताहेरभाई म्हणाला. "हे टोक द्या इकडे." त्याने पदराचं टोक रुळांत सरकवलं. रूळ फिरले. लुगडं चपटं होऊन पलीकडे येऊ लागलं, पाणी परत पिंपात पडू लागलं. एक वार, दोन वार. साहेबांच्या टॉवेलाएवढं कापड ताहेरभाईला माहीत होतं. तीन वार, चार वार.

"किती लांब आहे?" त्याने विचारलं.

"नऊ," कुशाबा म्हणाला.

पाचव्या वाराला लुगड्याला पीळ पडला. पीळ रुळांत गेला आणि कापड बाहेर यायच्या ऐवजी रुळाभोवतीच गुंडाळू लागलं. मोटर गुरगुरत राहिली. लुगडं आत ओढलं जात होतं, ताणलं जात होतं.

"बंद करा!" रामदास बटणाकडे धावला. ताहेरभाई दुसरंच बटण दाबत होता. कुशाबा हात आत घालणार, तेवढ्यात दुर्गेने त्याचं मनगट धरून बाजूला फेकलं आणि रूळ दाबून धरणाऱ्या वरच्या दांड्यावर मुठीने जोरात ठोसा मारला. दांडा उडाला, रूळ सुटे झाले.

 दुर्गेने रूळ उलटा फिरवत फिरवत लुगडं सोडवलं. रोज गुंतलेलं सूत सोडवणारे हात होते ते. त्यांना घाई नव्हती.

कुशाबाने लुगडं हातात घेतलं आणि इंच इंच पाहिलं. काठाजवळ एका ठिकाणी थांबला.

"फाटलं?" मृणालिनीने विचारलं.

"दोन धागे तुटलेत. मी भरीन." तो ते धागे बोटाने सारखे करू लागला. 

* * *

"बघलंस?" गंगुआक्का म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. "म्हणान मी सांगतंय. यंत्रापेक्षा माणूस बरा. ही दुर्गा हय नसती तर?"

दुर्गेने ओले हात पदराला पुसले आणि आक्काकडे वळली. "काकी, आज दाखवायला कोणाला आणलंस? यंत्राला की मला?"

आक्का गडबडली. "तसा नाय गे..."

"मला कळलंय. नाक्यावरच कळलं. रागावले नाही मी. पण ऐक. आठ तास मी गिरणीत उभी असते. घरी जाऊन माझं एक लुगडं धुते. एकच. नऊ वर्षांत मला एवढं सुख मिळालंय. ते सोडून कोणाच्या घरचं धुणं करायला मी येणार नाही. कुशाबाभाऊ भले माणूस आहेत. धुण्यासाठी बायको करतील, तर ते भले राहणार नाहीत."

"मला करायचीच नाही," कुशाबा म्हणाला.

"मग झालं तर," दुर्गा म्हणाली, आणि दोघांनी एकमेकांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. दोघांचाही जीव हलका झाल्यासारखा दिसला.

"आणि ह्या यंत्राचं एक सांगू?" दुर्गा पुढे म्हणाली. "याला कळत नाही. कापड अडकलं तरी ते ओढतच राहतं. हाताने फिरवायचं असतं तर हाताला कळलं असतं. आमच्याकडे सूत अडकलं की तुटायच्या आधी बोटाला समजतं."

कुशाबाने एकदम वर पाहिलं. विणकराला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याची नजर कोपऱ्यात गेली, लष्कराच्या सामानाकडे. तिथे गंजक्या लोखंडी चौकटीत दोन रूळ होते, खाली बादलीला आवळायचे स्क्रू आणि बाजूला लाकडी मुठीचा हातदांडा.

"शेट, ते काय?"

"ते मिलिटरीचा. कपडा पिळायचा. हाताने चालते. त्याला वीज नाय, काय नाय. जुना आहे."

कुशाबा गेला, मूठ धरली आणि फिरवली. रूळ कुरकुरले, मग फिरले. त्याने खालचा रूळ बोटाने चाचपला, पुन्हा फिरवला. "तेल लागेल," तो रामदासला म्हणाला. गिरणीतल्यासारखा.

"पिळतला ह्या," आक्का म्हणाली. "पण भिजवतला कोण? साबण लावन आपटतला कोण?"

"मी."

"तू?"

"मी. नळाला साडेचारला पाणी येतं. माझी पाळी सातची. अडीच तास आहेत."

"पुरुषमाणूस नळार बसान धुणा करतला? चाळ हसतली!"

"साच्यावर उभा राहिलेल्या माणसाला कोणी हसत नाही," कुशाबा म्हणाला. "हा माझा साचा."

मृणालिनीने त्याच्याकडे पाहिलं. हे तिच्या आता लक्षात आलं. नुसता दगडावर कपडे आपटायला बसला असता तर ते त्याच्याने झालं नसतं. दहा महिने त्याने हात लावला नव्हता तो आळसाने नाही. कसं बसायचं हेच त्याला माहीत नव्हतं. दांडा हातात आला आणि ते काम त्याला करता येण्यासारखं झालं.

रामदास पुढे आला. "किती, ताहेरभाई?"

"दहा रुपया."

"भिंतीवर आमची घोषणा आहे. सात."

"तुमचा महाराष्ट्र झालाच पाहिजे, माझा सौदा पण झालाच पाहिजे. आठ."

"सात, आणि तेल तुझं."

ताहेरभाईने तेलाची बाटली काढली.

कुशाबा ओलं लुगडं घडी करत होता. मृणालिनी दुसरं टोक धरायला गेली. दोघांच्या मध्ये लुगडं ताणलेलं असताना तो हळू आवाजात म्हणाला, "दिवाळीनंतर तुझी शाळा आहे ना?"

तिच्या हातातून टोक सुटलं. "तुम्हांला कोणी..."

"चहा मी पण करतो कधी कधी. डबा उचलल्यावर पत्र दिसलं. चौथीपर्यंत शिकलोय, वाचता येतं. तू सांगशील म्हणून थांबलो."

"मामंजी, मी आत्याबाईंना म्हटलं होतं की..." तिला पुढे बोलवेना.

"मला माहीत आहे. जिन्यातलं सगळं गॅलरीत ऐकू येतं." त्याने टोक उचलून परत तिच्या हातात दिलं. "थकलेलं माणूस म्हणतं तसं. तू जा शाळेत. मी आहे."

मृणालिनीने मान खाली घातली. हे शब्द कोणाचे होते हे तिला ठाऊक होतं. त्याला ठाऊक होतं की नाही, ते तिला कळलं नाही.

"आणि चेडवाक कोण बघतला?" मागून गंगुआक्काचा आवाज आला. "तू गिरणीत, ही शाळेत, हो गिरणीतसून सुटलो की समितीच्या कचेरीत. चेडू काय यंत्र बघतला?"

 पोरगी आक्काच्या गळ्यातली तुळशीमाळ ओढायला बघत होती. आक्काने तिला ओढून आपल्या कडेवर घेतलं.

"मी येतलंय," ती तोऱ्यात म्हणाली. "रोज. दुपारचा जेवण माका हयच होया. आणि भाताचा पाणी मी सांगतंय तितक्याच घालूचा. सुंदरान माझा कधी ऐकल्यान नाय."

* * *

नवमीच्या पहाटे साडेचारला नळाला पाणी आलं तेव्हा कुशाबा आधीच खाली होता. बादलीला चौकट आवळली होती. काठाचे दोन धागे त्याने सोमवारी संध्याकाळी सुईने भरले होते.

बायका घागरी घेऊन आल्या आणि थांबल्या. मग बायकांच्या मागून पुरुष आले. पहिल्या मजल्यावरचा एक म्हातारा जॉबर दात घासत पुढे झाला.

"काय कुशाबा, घरी पण साचा मांडलास?"

"मांडला."

"किती वार काढतो तासाला?"

"पहिलाच दिवस आहे. बघू."

म्हाताऱ्याने मूठ फिरवून पाहिली, मान हलवली आणि वर जाऊन आपलं धोतर घेऊन आला. त्याच्या मागून आणखी दोघे. रांग लागली. बायका पदराआड हसत होत्या, पण घागरी बाजूला करून त्यांनी जागा दिली.

"आधी आमचं," कुशाबा म्हणाला आणि लुगडं उचललं. पदर रुळांत लावला. फिरवू लागला. मग थांबला. पलीकडून कापड जमिनीला लागत होतं. नऊ वार एकट्याने होत नाहीत.

जिन्यावर पावलं वाजली. गंगुआक्का रात्री पानाच्या तयारीसाठी राहिली होती. डोकीवर पदर, हातात तांदळाचं सूप तसंच. तिने सूप एका बाईकडे दिलं, आणि पलीकडे जाऊन लुगड्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"फिरव," ती म्हणाली. "हळू. नायतर पीळ पडतलो."

तो फिरवू लागला. ती मागे मागे सरकत लुगडं घेत गेली. तीन वार, चार वार. पाचवा वार नीट गेला. पाणी बादलीत पडत होतं. सहाव्या वाराच्या पुढे त्याचा हात अडखळला. अगदी थोडा. रुळांच्या मधून काहीतरी जाड जात होतं. चोवीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचं ध्यान नव्हतं तेव्हा एका जागी बसलेले धागे.

"काय झाला?" आक्काने विचारलं.

"आला," कुशाबा म्हणाला.

"काय?"

"माझा डाग."

त्याने मूठ घट्ट धरली आणि अगदी सावकाश फिरवली. तो पट्टा रुळांतून पूर्ण पलीकडे, आक्काच्या हातात जाईपर्यंत, त्याने घाई केली नाही.